मजहूल

१९९१ च्या पावसाळ्यातली गोष्ट. शाळा आजच्या सेनगाव तालुक्यातली. तेव्हा आम्ही सगळेच परभणी जिल्ह्यात होतो. नववीचा वर्ग, वर पत्रे, आणि शेजारच्या वर्गात नि माझ्या वर्गात नुसती एक पत्र्याची आडभिंत. पलीकडचे मराठीचे सर बोलले की माझ्या मुलांना माझ्याआधी त्यांचं ऐकू यायचं. त्या दिवशी मी फळ्यावर लिहिलं, ‘राम एट अ मँगो’. खाली लिहिलं, ‘अ मँगो वॉज ईटन बाय राम’. आणि मला जसं शिकवलं गेलं होतं तसंच बोलून गेले, "ॲक्टिव्ह व्हॉइस म्हणजे कर्तरी प्रयोग, पॅसिव्ह व्हॉइस म्हणजे कर्मणी प्रयोग. सोपं आहे."

शेवटच्या बाकावरचा एक मुलगा उठला. "मॅडम, ‘रामाने आंबा खाल्ला’ हे तर कर्मणी हाय. सरांनी कालच सांगितलं. मग इंग्रजीत ते ॲक्टिव्ह कसं झालं?"

आडभिंतीपलीकडचा आवाजही जरा थांबल्यासारखा वाटला मला. मी म्हणाले, "मराठीचं मराठीत, इंग्रजीचं इंग्रजीत. बस खाली." तो बसला. पण चाचणीत त्याने ‘रामाने आंबा खाल्ला’चं भाषांतर ‘अ मँगो वॉज ईटन बाय राम’ असं केलं, आणि मी त्यावर लाल शाईने फुली मारली. माझंच समीकरण त्याने इमानदारीने वापरलं होतं.

त्याचं म्हणणं तपासायला व्याकरणाचं पुस्तकही लागत नाही. रामाने आंबा खाल्ला, रामाने चिंच खाल्ली, रामाने केळं खाल्लं. आता राम काढा नि सीता ठेवा: सीतेने आंबा खाल्ला. खाणारा पुरुष असो की बाई, क्रियापदाला त्याचं सोयरसुतक नाही. ते हलतं आंब्या-चिंचेबरोबर. कर्मामागे चालतं म्हणून कर्मणी. ‘राम आंबा खातो, सीता आंबा खाते’ यात ते खाणाऱ्यामागे चालतं म्हणून कर्तरी. म्हणजे आपण मराठी माणसं आज खातो तेव्हा कर्तरी आणि काल खाल्लं की कर्मणी. इंग्रजीच्या ‘एट’ला रामही माहीत नाही आणि चिंचही माहीत नाही, ते आहे तसं राहतं. त्या भाषेत व्हॉइस बदलतो तो वाक्याच्या तोंडाशी कोणाला बसवायचं यावरून.

त्यात पुन्हा आपले अपवाद. ‘मी धडा वाचला’ कर्मणी, पण ‘मी धडा शिकले’ कर्तरी. ‘मी पाणी प्याले’, ‘मी नाव विसरले’ ही दोन्ही कर्तरी. माझी धाकटी जाऊ देगलूरकडची. ती सरळ म्हणते, "मी सैपाक केलो, मी भांडे घासलो." बाई असून ‘केलो’ म्हणते म्हणून सासरी तिला फार हसले. पण तिच्या बोलीत करणारी ‘मी’ क्रियापदाला स्वतःमागे ओढते, सैपाकाला विचारत नाही. लातूर-उदगीरकडे, नांदेडच्या दक्षिणेला, जिथे कानडी-तेलुगू शेजारी आहेत, तिथे हे सर्रास चालतं. इंग्रजीचा ॲक्टिव्ह व्हॉइस आमच्या अख्ख्या घरात तिच्या एकटीच्या तोंडी होता, आणि मी इंग्रजीची बाई असून तो सुधारायला निघाले होते.

त्या मुलाला काय सांगायला हवं होतं, याचं उत्तर मला पुस्तकात मिळालं नाही. ते आमच्या दुकानात मिळालं.

आमचे दादा शिंपी. हिंगोलीत सदर बाजारात दुकान. हिंगोलीचे मोहल्ले ज्याने पाहिले त्याला गावाचा इतिहास वेगळा वाचावा लागत नाही: पलटन, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार. निजामाच्या नावाने आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीत चालणाऱ्या फौजेची, म्हणजे हैदराबाद कंटिंजंटची, ही छावणी. १९०३ साली ती फौज हिंदुस्थानच्या इंग्रजी सैन्यात मिसळली आणि छावणी उठली; नावं राहिली. आमचे पणजोबा पलटणीचे कोट शिवत, असं घरात सांगत. दादा १९२७ चे. चौथीपर्यंत मराठी आणि पुढे सातवीपर्यंत उर्दू, कारण निजामाच्या राज्यात वर चढायचं तर उर्दूनेच. १९१८ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघालं. तिथे गणितापासून वैद्यकापर्यंत सगळं उर्दूत, इंग्रजी हा एक सक्तीचा विषय. पुस्तकं उर्दूत आणायला आदल्याच वर्षी भाषांतराचं खातं उघडलेलं. हिंगोलीच्या शिंप्याच्या पोराच्या हातात ‘कवायद’ म्हणजे उर्दू व्याकरण पडलं ते असं.

त्या कवायदीतला एक शब्द दादांनी जन्मभर वापरला. दुकानातल्या पोराने इस्त्री पँटवर ठेवली नि गिऱ्हाइकाशी बोलत बसला. वास सुटला. दादांनी विचारलं, "काय झालं रे?" पोरगा म्हणाला, "पँट जळाली." दादा म्हणाले, "मजहूल बोलू नको. नाव सांग."

घरातही तेच. "दूध उतू गेलं", "ग्लास फुटला", "पैसे खर्च झाले" असं कोणी म्हणालं की दादा कैचीवरून मान न उचलता म्हणायचे, "मजहूल." आम्हा भावंडांना तो शिवीसारखाच वाटायचा. त्या फुलीनंतर मी त्यांना पहिल्यांदा विचारलं, की हा शब्द आहे तरी कुठला? दादांनी तोंडातली टाचणी काढली आणि सातवीतला धडा म्हणून दाखवावा तसं सांगितलं: "फेल म्हणजे क्रियापद. ते दोन जातीचे. मारूफ आणि मजहूल. ‘दर्जी ने कपड़ा सिया’, शिवणारा कळला, मारूफ. ‘कपड़ा सिया गया’, शिवणारा कळला नाही, मजहूल."

मारूफ म्हणजे जाणलेला. आपल्या ‘उर्फ’चं मूळ तेच. मजहूल म्हणजे न जाणलेला. ‘जाहिल’ त्याच्याच घरातला. अरबी व्याकरण्यांनी क्रियापदाकडे बघून एकच प्रश्न विचारला, की करणारा ठाऊक आहे का? आणि नसेल तर त्यांच्या जुन्या नियमाप्रमाणे तो सांगायचाही नाही. इंग्रजीतल्या ‘बाय’ला तिथे जागाच नाही.

मी दुकानातल्या स्टुलावर बसून राहिले. आमच्या एका घरात एकाच गोष्टीची तीन नावं होती नि तिन्हींचे प्रश्न वेगळे होते. संस्कृत व्याकरणाने विचारलं, क्रियापद कोणाच्या ठायी टेकलंय? कर्तरि, कर्मणि ही मुळात सप्तमीची रूपं आहेत: कर्त्याच्या ठायी, कर्माच्या ठायी. मराठीत येताना त्यांची शेवटची वेलांटी दीर्घ झाली एवढंच. उर्दूने विचारलं, करणारा माहीत आहे का? आणि इंग्रजीने तिसरंच विचारलं. ‘पॅसिव्ह’ हा शब्द लॅटिनमधल्या ज्या धातूपासून आला त्याचा अर्थ सोसणं. दवाखान्यातला ‘पेशंट’ त्याच धातूचा. वाक्यात पहिल्या पाटावर बसलेला करतोय की सोसतोय? तीन वेगळे प्रश्न, आणि आम्ही मास्तर लोक त्यांच्यामध्ये बरोबरचं चिन्ह घालून मोकळे झालो होतो.

हे चिन्ह कोणी घातलं याचा मी बराच काळ माग काढला. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण १८३६ सालचं. त्या पिढीपुढे दोन साचे होते, एक संस्कृताचा नि एक इंग्रजी शाळाबुकांचा, आणि मराठी दोन्हींत पूर्ण मावत नव्हती. प्रयोगांवरून तर पुढे पाऊणशे वर्षं वाद चालला. मोरो केशव दामल्यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ चं. त्यांच्यापुढे या सगळ्या आधीच्यांची मतं होती आणि त्यांनी ती कीस काढून तपासली. पण मुलांपर्यंत दामले पोचले नाहीत. मुलांपर्यंत पोचल्या तर्खडकरांच्याच घराण्यातल्या भाषांतर पाठमाला, आणि पुढे रेन आणि मार्टिन. यातले पी. सी. रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरी केलेले गृहस्थ, कादंबऱ्याही लिहायचे. त्यांचं ‘बो जेस्ट’ जगभर गाजलं. त्यांच्या व्याकरणात ‘बाय’वाली वाक्यं ओळीने मांडलेली. त्यांच्यावरून गाइडं निघाली, गाइडांवरून आम्ही. दहावीच्या पेपरात ‘चेंज द व्हॉइस’ एका-दोन मार्कांचं, त्यासाठी दामले कोण वाचणार?

खरं तर मराठी शाळाबुकातच या कोड्याची किल्ली आहे, पण ती कोपऱ्यात पडलेली. कर्मणीचे पोटप्रकार देताना शेवटी एक ‘नवीन कर्मणी’ देतात: ‘रावण रामाकडून मारला गेला’. आणि सांगतात की ही रचना इंग्रजीतल्या पॅसिव्हच्या धर्तीवर आहे. म्हणजे पॅसिव्हला मराठीत जोडीदार हवाच असेल तर तो हा, ‘रामाने रावण मारला’ नव्हे. ते एक पान मी त्या पोराला दाखवलं असतं तर फुली मारायची वेळ आली नसती.

मग ‘रामाने रावण मारला’ हे कर्मणी झालंच कसं? याचं उत्तर मात्र जुनं आहे, आणि माझ्या मते ते कोणत्याही शाळेत शिकवण्याइतकं गोड आहे. संस्कृतात मागे घडलेली गोष्ट सांगायची तर लोक धातूची अवघड भूतकाळी रूपं टाळून म्हणू लागले, ‘रामेण रावणः हतः’: रामाकडून रावण मारलेला. तो तेव्हा खराखुरा कर्मणी होता. प्राकृतांतून तीच घडण मराठीला मिळाली. ‘रामेण’चं ‘रामें’ झालं, पुढे ‘रामाने’. शेकडो वर्षं वापरून वापरून त्यातली ‘कडून’ची भावना झिजली नि तो साधा भूतकाळ झाला. क्रियापदाने कर्मामागे चालायची सवय तेवढी सोडली नाही. ‘मी चिंच खाल्ली’ म्हणताना आपण एका मेलेल्या पॅसिव्हच्या अंगावरचा सदरा घालून हिंडत असतो. शिंप्याच्या पोरीला दुसरी उपमा सुचत नाही.

एवढ्यावर भागलं नाही. मराठीला आणखी एक कर्मणी होता, अस्सल घरचा. संस्कृत ‘क्रियते’चं प्राकृतात ‘किज्जइ’, नि जुन्या मराठीत ‘कीजे’: केलं जातं. तसंच ‘दीजे’, ‘बोलिजे’. आमच्या हिंगोलीपासून जवळच कयाधूच्या काठी नर्सी आहे, संत नामदेवांचं जन्मगाव. १२७० साली नामदेव जन्मले तेव्हा ही ‘-इजे’ची रूपं मराठीत नांदत होती. आम्ही शिंपी, म्हणून नर्सीला वर्षातून एकदा जाणं ठरलेलं. तिथे पंजाबातून आलेले शीख भाविकही भेटतात, कारण नामदेवांची एकसष्ट पदं गुरू ग्रंथ साहिबात आहेत. एकदा देवळाच्या पायरीवर शेजारी बसलेली म्हातारी नातवाला म्हणाली, "तुला काय पाह्यजे?" आणि मला एकदम दिसलं. ‘पाहिजे’! ‘पाहणे’चा जुना कर्मणी. पाहिलं जातं, शोधलं जातं. ‘मला पाणी पाहिजे’: माझ्यासाठी पाणी पाहिलं जातंय. आणि ‘म्हणजे’? ते ‘म्हणिजे’, म्हटलं जातं. ‘कीजे’, ‘दीजे’ गेले, पण हे दोन भाऊ मागे राहिले, इतके घरचे होऊन की त्यांना कोणी ओळखत नाही. तेहेतीस वर्षं मी वर्गात दर दोन मिनिटांनी ‘म्हणजे’ म्हणत पॅसिव्ह व्हॉइस शिकवला.

मजहूलकडे परत येते, कारण हिंगोलीचं त्याच्याशी जुनं नातं आहे.

फिलिप मेडोज टेलर हा निजामाच्या फौजेतला इंग्रज अधिकारी. १८३९ मध्ये त्याची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी छापली गेली. तिच्या प्रस्तावनेत त्याने कादंबरीतलं नव्हे, खरं हिंगोलीचं सांगितलंय. या भागातल्या ठगांचा म्होरक्या हरीसिंग हा छावणीतला प्रतिष्ठित व्यापारी होता. खुद्द टेलरचा त्याच्याशी देवघेवीचा व्यवहार. मुंबईहून एक कापडव्यापारी माल घेऊन निघालाय हे हरीसिंगला कळलं. तो इथल्या मुलकी कारभार पाहणाऱ्या कॅप्टन रेनॉल्ड्सकडे गेला आणि मुंबईहून कापड आणायचा परवाना मागितला. परवाना मिळाला. मग त्याने तो व्यापारी, त्याचे नोकर, बैल हाकणारे असे सगळे मारले, नि तेच कापड सरकारी परवान्यावर हिंगोलीत आणून छावणीत उघड विकलं. पुढे पकडला गेल्यावर त्याने स्वतः सांगितलं म्हणून कळलं, तेही गंमत सांगावी तसं. छावणीच्या बाजारात, मुख्य पहाऱ्यापासून शंभर यार्डांच्या आत, त्याच्या टोळीने माणसं मारली. पहारेकऱ्यांच्या रांगेपासून जेमतेम पाचशे यार्डांवर पुरली. त्यातली काही थडगी उकरताना टेलर स्वतः हजर होता.

कबुली येईपर्यंत या गावाला त्याबद्दल काय म्हणता येत होतं? ‘व्यापारी गायब झाला’. ‘काफिला पोचला नाही’. पहिल्या उकरणीनंतर ‘माणसं मारली गेली’. आणि हरीसिंगने तोंड उघडलं त्या दिवशी तेच वाक्य मजहूलचं मारूफ झालं. दादांना मी हे वाचून दाखवलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "कापड विकत घेणारे कोण होते, ते लिव्हलंय का साहेबानं?" त्या छावणीचे कोट आमचे पणजोबा, फार तर त्यांचे वडील, शिवत असणार. मी पुस्तक मिटलं.

तेव्हापासून मी वर्गात ‘अ स्नेक वॉज किल्ड बाय राम’ बंद केलं. ‘बाय राम’ म्हणायचंच आहे तर सरळ ‘रामने मारला’ म्हणा की! इंग्रज माणूस पॅसिव्ह वापरतो तो बहुतेक वेळा ‘बाय’ गाळूनच: करणारा माहीत नाही, किंवा सांगायची गरज नाही, किंवा सांगायचा नाही म्हणून. मी मुलांना सेनगावच्या बाजारात चोरी झाली असं समजून पोलिसांत द्यायची खबर इंग्रजीत लिहायला लावायची. पॅसिव्ह आपोआप यायचा, आणि ‘बाय’ कोणी लिहायचं नाही. लिहिणार तरी कोणाचं नाव?

तिसरं कारण, सांगायचा नाही म्हणून, हे मात्र सरकारी कागदात बघावं. निजामाच्या काळचे घरातले दोन-तीन कागद दादांनी जपून ठेवले होते. उर्दू अक्षर, शेवटी ‘इत्तिला दी जाती है’. १९४८ च्या सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली, राज्य बदललं. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला नि त्याच वर्षी भाषा संचालनालय निघालं. १९६४ च्या राजभाषा अधिनियमानंतर कचेरीचे कागद मराठीत यायचा रस्ता पक्का झाला. पाटवाऱ्याचा तलाठी झाला, अव्वल तालुकदाराचा कलेक्टर. आणि ‘दी जाती है’चं काय झालं? ‘कळविण्यात येते’. इंग्रजी मसुद्यातला पॅसिव्ह आणि उर्दू हुकमातला मजहूल दोघंही एकाच खोलीत मराठीला भेटले, आणि त्यांनी मिळून ‘करण्यात येत आहे’ला बाळसं दिलं, असा माझा समज आहे. १ मे १९९९ ला हिंगोली जिल्हा झाला तोही असाच: ‘जिल्ह्याची निर्मिती करण्यात आली.’ त्यासाठी ज्यांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले, ते या वाक्यात कुठे बसवायचे?

निवृत्तीनंतर मी एका कचेरीत एका फरकाच्या बिलासाठी अकरा महिने हेलपाटे घातले. शेवटी उत्तर आलं: ‘आपले प्रकरण गहाळ झाल्याचे आढळून आले असून नव्याने प्रस्ताव सादर करण्यात यावा.’ कोणी गहाळ केलं, कोणाला आढळलं? माझ्या हातात लाल पेन असता तर मी तिथेच खाली लिहिलं असतं, मजहूल.

दादांच्या दुकानाची पाटी पोलीस ॲक्शनच्या आधीची. तेव्हा ती नुसती उर्दूत होती: ‘यहाँ कपड़े सिए जाते हैं’. पुढे पन्नासच्या दशकात वर मराठी लिहून घ्यायचं ठरलं. पेंटरने खालचं वाचून सरळ उतरवलं, ‘येथे कपडे शिवले जातात’. दादा बाहेर आले, कमरेवर हात ठेवून पाटीकडे बघत राहिले. "शिवले जातात? कुठं जातात? गिऱ्हाइकाला कापड परत मिळायला पाहिजे का नको?" पेंटरने कुरकुरत ‘शिवले जातात’वर रंगाचा हात मारला आणि त्यावर लिहिलं, ‘शिवून मिळतील’.

ती पाटी आता धाकट्या भावाच्या घरी गच्चीत, पाण्याच्या टाकीवर झाकण म्हणून आहे. वरचा रंग उन्हाने पोपडे धरून गळालाय. परवा पाणी बघायला वर गेले होते, तर ‘मिळतील’च्या खालून ‘जातात’ बरंचसं वाचता येत होतं.